पहिलं खोकं घरी आलं की: लेकरांच्या वस्तू वापरून पाहणाऱ्या नव्या आई-बापांसाठी

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात एका कंपनीने वापरून सांगायला पाठवलेलं कापडी डायपरचं खोकं आमच्या घरी आलं. धाकटी तेव्हा सात महिन्यांची होती आणि थोरला चार वर्षांचा. कापड मऊ, शिवण पक्की, बटणं लावून माप लहान-मोठं करायची सोय. मी त्याच रात्री त्यांच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, न्हाणीतून हाक मारली, "अगं माय, तीन बादल्या गेल्या की ह्याच्यात! नळ यायचाय शुक्रवारी."

आम्ही लातूरचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते हे शहर. तेव्हापासून इथल्या बायकांना पाणी बादलीत मोजायची सवय लागली आहे, आणि पाऊस बरा झाला म्हणून ती मोडत नाही. खोक्यावर लिहिलं होतं की वापरण्याआधी तीनदा धुवा आणि नंतर दर वेळी दोनदा खळबळा. रोज नळ येणाऱ्या घरात हे सहज होत असेल. आमच्याकडे एका दिवसाच्या डायपरना तीन बादल्या गेल्या, आणि मी लिहिलेल्या ओळींत पाण्याचा शब्दसुद्धा नव्हता. त्या ओळी मी फाडून टाकल्या. डायपर चांगलेच होते, पण उन्हाळ्यातल्या आमच्या पाण्याला ते झेपत नव्हते.

आता ओळखीपाळखीच्या आया विचारतात, "एक कंपनी वस्तू पाठवते म्हणतेय, वापरून सांगायचंय, काय करू?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण तपासायची रीत दोन्हीकडे एकच. वस्तू आपल्या पाण्यातून, आपल्या उन्हातून आणि घरातल्या सगळ्यांच्या हातांतून गेल्याशिवाय तिच्याबद्दल मत द्यायचं नाही. बाकी सगळं त्यातूनच येतं.

पहिलं काम: काय घ्यायचं नाही ते ठरवा

नव्याने सुरुवात करणाऱ्याला प्रत्येक फोनला हो म्हणावंसं वाटतं. म्हणून नकाराची यादी आधी करा.

सगळ्यात वर दूध पावडर, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीचं डब्यातलं अन्न. ह्या वस्तूंसाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. ह्यांची जाहिरात करायची नाही आणि आयांना फुकट नमुने वाटायचे नाहीत, असं तो सांगतो. जाहिरातीत भाग घेणारेही त्यात येतात. 'आम्ही जाहिरात म्हणत नाही, तुमचा अनुभव सांगा' असं कुणी गोड बोललं, तरी वस्तू फुकट घेऊन तिच्याबद्दल चांगलं बोलणं म्हणजे जाहिरातच. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध पुरतं. ज्या आईला दूध कमी येतं तिने काय करायचं, हे तिच्या डॉक्टरांनी तिला पाहून सांगावं, आपण नाही.

दुसरं, चाकांचं बसायचं वॉकर. बाळ त्यात बसतं आणि पाय मारत सुसाट जातं, आणि आपल्याकडच्या घरांना ओटा, उंबरा, पायऱ्या असतातच. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. तो लेकरू उभं राहून ढकलतं, थांबलं की गाडाही थांबतो. तरी ओट्याच्या कडेला तोही नको.

तिसरं, मोहरीची उशी. ही सांगताना मला घरातच वाद घालावा लागला, कारण थोरल्याचं डोकं 'गोल व्हावं' म्हणून आत्याबाईंनी ती हाताने शिवली होती. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी लागत नाही. पाठीवर, सपाट आणि जरा घट्ट अंथरुणावर, तोंडाजवळ काही मऊ न ठेवता निजवायचं. आत्याबाईंची उशी आता थोरल्याच्या बाहुलीच्या डोक्याखाली आहे आणि त्यांनाही ते पटलं आहे.

पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणी आणि बारीक पण जोरदार लोहचुंबकांची खेळणी ह्यांना सरळ नाही म्हणा. मणी गिळला तर पोटात फुगून आतडं अडवतो. दोन चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात. भूक वाढवणारे थेंब, ताकदीची सिरपं, पोटदुखीची पाणी ही औषधं आहेत, तीही वापरून बघायला घेऊ नका.

दुसरं काम: खोकं रात्री उघडा

लेकरं झोपल्यावर. दिवसा उघडलं की वस्तू पाच मिनिटांत त्यांच्या तोंडात असते आणि तपासणी राहून जाते.

आधी खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, किंमत, पत्ता. पुढे काही बिघडलं तर हेच कामाला येतं, आणि तोवर खोकं कुणीतरी फेकलेलं असतं.

खेळण्यावर आयएसआय चिन्ह शोधा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. चिन्ह छापणं कुणालाही जमतं, म्हणून हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून पाहा. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, दोन्ही तिथे दिसतं. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना ह्यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर चिन्ह नसलं म्हणजे ते खोटंच असं नाही. माळेगावच्या किंवा आणखी कुठल्या यात्रेतून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिपाण्या आणि मोटारी मात्र मी तीन वर्षांखालच्यांच्या हातात देत नाही. यात्रेची हौस थोरल्याने करावी, धाकटीला फुगे दुरून दाखवावेत. फुटलेल्या फुग्याचा तुकडासुद्धा घशात अडकतो.

मग नळीची परीक्षा. प्रयोगशाळेत तीन वर्षांखालच्यांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर आतल्या रुंदीची नळी वापरतात, तळ तिरका, जास्तीत जास्त खोली ५७ मिलिमीटरच्या आसपास. घरी जुन्या लग्नपत्रिकेची नळी करा: आतून ३२ मिलिमीटर रुंद, साडेपाच ते सहा सेंटिमीटर उंच. पत्रिकेचा कागद जाड असतो, चांगली टिकते. खेळणं किंवा त्याचा सुटणारा भाग न दाबता पूर्ण आत मावला, तर तीन वर्षांखालच्या लेकराला तो नको. नळीत टाकण्याआधी खेळण्याशी जरा दांडगाई करा. बाहुलीचे डोळे ओढा, चाकं पिळा, खुळखुळा कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर चार-पाच वेळा पाडा. लेकरू ह्याहून जास्त करणार आहे.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भीती बटणासारख्या चपट्या सेलची वाटते. गाणाऱ्या पुस्तकात, चमकणाऱ्या बुटात, रिमोटमध्ये, वाढदिवसाच्या कार्डात तो असतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. आपल्याकडे ह्या दोन तासांचा हिशोब वेगळा बसतो. तालुक्याच्या गावाहून दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेल्या दवाखान्यापर्यंत, म्हणजे लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा संभाजीनगरला पोचेपर्यंतच तेवढा वेळ जातो. म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ती वस्तू मी तपासायलाही ठेवत नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला लावू नका, वाट पाहू नका, निघा आणि वाटेतून दवाखान्याला फोन करा.

तिसरं काम: अंगाला लागणारं आणि पोटात जाणारं

तेल, साबण, शॅम्पू, लोशन काहीही असो, पहिले दोन दिवस स्वतःच्या हातावर. मग लेकराच्या कोपराच्या आतल्या बाजूला हरभऱ्याएवढं लावून ४८ तास पाहायचं. लाली, पुरळ, खाज काही दिसलं की थांबायचं. एका वेळी एकच नवीन वस्तू, नाहीतर पुरळ कशाने आली ते कळत नाही. ताप असताना, लस दिल्याच्या आठवड्यात किंवा जागा बदलल्यावर नवीन काही सुरू करू नका.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि लेकरांच्या मानेवर, पाठीवर घामोळं येतंच. त्यात नवीन लोशन लावलं की दोष लोशनचा की उन्हाचा, ठरवता येत नाही. उलट थंडीत अंग फुटतं तेव्हा कुठलंही तेल चांगलंच वाटतं. अंगाला लावायच्या वस्तू मी जुलै ते सप्टेंबरमध्ये तपासते, आणि कंपनीला घाई असेल तर वस्तू परत करते. घामोळ्याची पावडर लावायचीच असेल तर आधी आपल्या तळहातावर, लेकराच्या तोंडापासून लांब. डब्यातून थेट उडवली की ती श्वासात जाते.

पाण्याचं इथेही आहे. आमच्याकडे नळाचं पाणी संपलं की बोअरचं, आणि बोअरच्या पाण्यात क्षार इतके की बादलीला पांढरा थर बसतो. एकाच शॅम्पूला नळाच्या पाण्यात भरपूर फेस आला आणि बोअरच्या पाण्यात केस चिकट राहिले, हे मी दोन मगात दोन पाणी घेऊन पाहिलं आहे. तुम्हीही पाहा आणि लिहिताना कुठलं पाणी ते लिहा. परभणी-हिंगोलीकडच्या आईला 'सौम्य सुगंध' वाचून काही कळत नाही, 'बोअरच्या पाण्यात फेस होत नाही' वाचून कळतं.

काजळ पाठवणारेही भेटतात. काही काजळात आणि सुरम्यात शिसं सापडलेलं आहे, म्हणून मी ते घेत नाही. आत्याबाईंची तीट कपाळाच्या कडेला, डोळ्यापासून लांब लागते, तेवढी पुरे.

खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असतो, तो आधी पाहा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की पिशवीत खरं काय आहे ते समजतं. 'ज्वारीचा खाऊ' असं मोठ्या अक्षरांत लिहून ज्वारी चौथ्या नंबरला असलेला एक पुडा माझ्याकडे आला होता. साखर निरनिराळ्या नावांनी येते: ग्लुकोज सिरप, खजूर सिरप, गुळाची पावडर. दोन वर्षांखालच्यांना ह्यातली कुठलीच नको. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारीएवढे कडक तुकडे पाच वर्षांखालच्यांना देऊ नका, पाकिटावर काहीही वय लिहिलेलं असो.

आणि किंमत शंभर ग्रॅमला किती पडते ते काढा. मग घरच्या ज्वारीच्या लाह्या, मूग डाळीची पेज, भाजक्या डाळीचं सत्त्व ह्यांच्या शेजारी ती मांडा. प्रवासात, शेतावरच्या घाईत पाकिटाचा उपयोग होतो आणि तो होतो असंच सांगावं. पण एका पुड्याच्या पैशात घरात आठवडाभराचं सत्त्व होत असेल, तर तेही त्याच वाक्यात आलं पाहिजे.

चौथं काम: किती दिवस आणि कुणाच्या हातात

पहिल्या दिवशी प्रत्येक खेळणं आवडतं. माझी रीत अशी: पाच-सहा दिवस खेळू द्यायचं, मग आठ दिवस माळ्यावर ठेवायचं, पुन्हा काढायचं. दुसऱ्यांदा काढल्यावर लेकरू त्याच्याकडे वळलं तर ते खेळणं चांगलं. कपडे दहा धुण्यांनंतर पाहा, त्यातली निदान दोन दगडावर आपटून झालेली असावीत, कारण मशीन सगळ्यांकडे नसतं. डायपरला दहा दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रकान्यात दोन शब्द लिहीत गेलात तर वेगळी वही लागत नाही.

वस्तू घरातल्या सगळ्यांच्या हातात द्या. लेकराला दिवसभर सांभाळणारी आजी असते, आणि सूचना इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. बाळाला अंगाशी बांधायचा पट्टा आला तेव्हा मी आत्याबाईंना काहीच समजावून सांगितलं नाही, नुसता हातात दिला. त्यांनी सगळे पट्टे नीट लावले, पण खांद्यामागचं बकल त्यांच्या हाताला पोचेना. दुखऱ्या खांद्याच्या बाईला तो एकटीने लावता येत नाही, ही गोष्ट मला स्वतः वापरून कधीच कळली नसती. असा पट्टा तपासताना बाळाचं तोंड आपल्याला सतत दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये आणि नाकावर कापड येता कामा नये. लुगड्याच्या झोळीला आणि पाठुंगळी बांधण्यालाही हेच नियम. मेच्या दुपारी दोघांच्या अंगांची ऊब एकत्र होते, तेव्हा पट्टा सकाळी-संध्याकाळीच.

विजेच्या वस्तू लाइट गेल्यावर काय करतात ते बघा. लाइट आल्यावर स्वतःहून सुरू होणारं यंत्र आणि रात्री दोनदा उठून सुरू करावं लागणारं यंत्र ह्यांत बाळाच्या झोपेचा फरक आहे.

पाचवं काम: लेकराला नको असेल तर

थांबा. मी एकदा थांबले नाही. थोरल्याला एक खाऊची वडी आवडली नव्हती, आणि मला तो खातानाचा व्हिडिओ त्या संध्याकाळी पाठवायचा होता. तीनदा सांगितलं, चौथ्यांदा ओरडले. त्याने डोळे पुसत घास गिळला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. तो चेहरा मला अजून दिसतो. तो व्हिडिओ मी पाठवला नाही, कंपनीला 'मुलाला आवडली नाही' एवढं कळवलं, आणि त्याच्याशी ठरवलं की त्याने एकदा नको म्हटलं की वस्तू बाजूला. आता साडेसहा वर्षांचा आहे, अजून तो मला ह्या शब्दाला धरतो.

फोटोंचंही तसंच. आंघोळीचे, लंगोटातले, शाळेच्या गणवेशातले, मागे घराचा नंबर किंवा गाडीची पाटी दिसणारे फोटो टाकू नका. वस्तू दाखवायला लेकराचा हात पुरतो. कुणी चेहराच हवा असा हट्ट धरला तर ते काम सोडून द्या.

सहावं काम: लोकांना सांगताना

पहिल्याच ओळीत, मराठीत: 'ही वस्तू कंपनीने फुकट पाठवली आहे.' शेवटी बारीक अक्षरात नको. केंद्रीय नियमांनुसार वस्तू फुकट मिळणं हासुद्धा कंपनीशी असलेला संबंध मानला जातो आणि तो उघड सांगावाच लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही लागू आहे. पैशाऐवजी वस्तू, ज्याला सगळे बार्टर म्हणतात, त्याचाही हिशोब ठेवा. एका कंपनीकडून एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू ठेवून घेतल्या, तर कंपनीने १० टक्के कर कापायचा असतो. जुलै २०२२ पासून हे आहे. महागडी बाबागाडी वगैरे असेल तर वापरून परत पाठवणं सोपं पडतं.

मजकुरात ह्या गोष्टी याव्यात: लेकराचं वय आणि वजन, महिना, कुठलं पाणी, किती दिवस, कुणी कुणी वापरली, किंमत, आणि आपल्या भागात ती मिळते का. ह्या शेवटच्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही. मी औसा, निलंगा आणि उदगीरचे पिनकोड टाकून बघते. 'तुमच्या भागात पोचवत नाही' असं आलं तर तेच लिहिते. खेड्यातल्या आईने मन लावून वाचायचं आणि शेवटी वस्तू मिळूच नये, हे मला बरोबर वाटत नाही.

कंपनीने मजकूर आधी वाचायला मागितला तर किंमत, माप असल्या तपशिलांसाठी जरूर दाखवा. मत बदलायला सांगितलं तर वस्तू परत करा.

सातवं काम: बिघडलं तर

वापर तिथेच बंद. वस्तू फेकू नका, खोक्यासकट पिशवीत बांधून उंचावर ठेवा. बॅच नंबर आणि फोटोंसह कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. आयएसआय चिन्हाबद्दल तक्रार असेल तर ती बीआयएस केअर ॲपमधूनच करता येते. दुसऱ्या आयांना आधी सांगा, कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, पण जेवढं घडलं तेवढंच सांगा. 'माझ्या मुलीच्या मांडीला दुसऱ्या दिवशी पुरळ आली' हे घडलेलं आहे. 'ह्यात विष आहे' हे आपल्याला माहीत नसतं.

नळीच्या परीक्षेत नापास झालेलं खेळणं अंगणवाडीत किंवा धुण्याभांड्याच्या मावशींच्या नातवाला देऊ नका. मोडून मगच कचऱ्यात टाका. सेल काढून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. चांगल्या निघालेल्या वस्तू धुऊन, वाळवून, कशाबद्दल काय कळलं ते सांगून द्या. ते कापडी डायपर मी पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा काढले. पन्हाळीखाली दोन टाक्या भरलेल्या होत्या, आत्याबाईंनीच मोजून सांगितलं, तेवढ्याच तीन बादल्या लागल्या. फक्त त्या आता पावसाच्या होत्या. मी नव्याने लिहिलं: जुलै ते ऑक्टोबर वापरा, उन्हाळ्यात जुन्या सुती लुगड्याची दुपटी बरी. नंतर ते डायपर शेजारच्या नव्या बाळंतिणीकडे गेले, त्या कागदासकट.

खोकं भंगारवाल्याला देण्याआधी त्यावरचा आपल्या नाव-पत्त्याचा आणि फोन नंबरचा कागद तेवढा फाडून घ्या.